सूर्य डाव्या हाताला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी पेंटरभाऊंचं नाव घेतो. हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, आणि त्या ओळखपत्रावरचे डोळे त्यांचे नव्हते. ते पुढे येईलच. आधी त्यांचं मागे जाणं सांगायला हवं.

पेंटरभाऊ मागे मागे चालत. काहीही रंगवून झालं की ब्रश उजव्या हातात उंच धरून, डाव्या हाताने पाठीमागची हवा चाचपत, डोळे अर्धे मिटून ते उलट्या पावलांनी निघत. दहा पावलं, वीस पावलं. मागे काय आहे याच्याशी त्यांना घेणं नसे. मागे गाय असे, बाज असे, वाळत घातलेली मोहाची फुलं असत. एकदा तर तळं होतं. तळ्याच्या बांधावर, पाळीवर, उभा केलेला नाटकमंडळाचा बोर्ड रंगवून ते मागे निघाले आणि सरळ पाण्यात गेले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, ब्रश तसाच वर, आणि तिथून बोर्डाकडे बघत म्हणाले, “हां, इथून बरोबर दिसून राह्यलं.” माझे बाबा तेव्हा त्याच तळ्यात जाळं टाकून उभे होते. त्या दिवशी मासोळी मिळाली नाही ती पेंटरामुळे, असं ते अजून सांगतात.

मागे जाण्याचं कारण विचारलं की भाऊंचं उत्तर ठरलेलं. “शेवटच्या माणसाले दिसलं पाह्यजे.”

आमच्या झाडीपट्टीत धान कापून घरी आलं की नाटकांचे दिवस सुरू होतात. ज्या गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, त्या गावी नाटक. माणसं जमिनीवर बसतात, आणि पुढच्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत एखादं शेत मावेल एवढं अंतर असतं. पेंटरभाऊ या नाटकांचे पडदे रंगवत. जंगल, महाल, झोपडी आणि तुरुंग. एवढ्या चार पडद्यांत जगातलं कुठलंही नाटक बसतं, असं त्यांचं मत होतं, आणि नाटककारांनी ते मत कधी खोटं पाडलं नाही.

पडदे पावसाळ्यात तयार होत. आमच्या गावाबाहेर धानाची बंद पडलेली गिरणी होती, तिचं गोदाम हा त्यांचा कारखाना. गोदामाला खिडकी एकच. पडद्याकडे तोंड करून उभं राहिलं की ती डाव्या हाताला येई. त्यामुळे भाऊंच्या पडद्यांवर ऊन नेहमी डावीकडून पडे. जंगलात डावीकडून, महालात डावीकडून. तुरुंगाला खिडकी उजवीकडे काढलेली होती, तरी गजांची सावली डावीकडच्या उन्हाची. एका दिग्दर्शकाने हे दाखवून दिलं तेव्हा भाऊ म्हणाले, “आपला सूर्य डाव्या हातालेच असते. तुमचा तुम्ही कुठीबी ठेवा.” दिग्दर्शकाने खिडकी पुसून घेतली.

आता माझं थोडं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बाबा ढिवर, तळ्यातली मासोळी धरणारे, आई लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाणारी. बी.ए. झाल्यावर मी नागपूरला सहा महिने कॉम्प्युटर शिकलो आणि नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर एका फोटो स्टुडिओत लागलो. लग्नाच्या फोटोतला पसारा काढणे, वराच्या कपाळावरचा घाम पुसणे, वारलेल्या आजोबांच्या फोटोला नवा कोट चढवणे ही माझी कामं. बाबा तळ्यावर सांगत की पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे. ऐकणाऱ्यांना वाटे, मी तिकडेच राहतो.

मंडळाने कलाकारांना ओळखपत्रं द्यायची ठरवली तेव्हा पेंटरभाऊ फोटो काढायला स्टुडिओत आले. मी सात फोटो काढले. सातही फोटोंत डोळे अर्धे मिटलेले. मी म्हटलं, भाऊ, जरा डोळे उघडा. ते म्हणाले, “उघडेच आहेत. मी असाच पाहतो.”

मग मी मला येत होतं ते केलं. आदल्या आठवड्यातल्या एका नवरदेवाचे डोळे कापून घेतले आणि भाऊंच्या चेहऱ्यावर बसवले. कातडीचा रंग जुळवला. भाऊ मागच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. चेहरा तयार झाला, लग्नाच्या दिवसासारखा टवटवीत बघणारा.

“हे डोळे कोणाचे गा?”

मी खरं सांगितलं.

“म्हणजे घरी गेल्यावर बाईनं वळखलं नाही तर?” असं म्हणून ते हसत सुटले. पण हसता हसता खुर्ची पुढे आली. डोळे चेहऱ्याला चिकटले का, असं त्यांनी विचारलं. मी दाखवलं की नाही, डोळे वेगळ्या लेअरवर आहेत. लेअर म्हणजे एक पारदर्शक थर. तो बंद केला की खालचे भाऊंचे मिटलेले डोळे तसेच असतात, चालू केला की नवरदेवाचे. मी चालू-बंद करून दाखवत होतो आणि भाऊ लहान मुलासारखे बघत होते.

“काच आहे ही,” ते शेवटी म्हणाले. “एकावर एक काच ठेवून राह्यला तू. माह्या नाटकात पुढं झाड, त्याच्यामागं झोपडी, त्याच्यामागं डोंगर, तसंच. फक्त तुले बांबू लागत नाई.”

मी नागपूरला सहा महिन्यांत जे शिकलो होतो ते त्यांना दोन मिनिटांत कळलं. मला जरा वाईटच वाटलं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी भाऊ स्टुडिओत येऊन मागच्या खुर्चीवर बसत. मला ते “ग्रॅज्युएट” म्हणत. “काय गा ग्रॅज्युएट, आज कोणाले डोळे लावले?” यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला कधी नक्की कळलं नाही. पण दुसऱ्या कुणासमोर ते माझ्याबद्दल बोलत तेव्हाही हाच शब्द वापरत, आणि तेव्हा आवाज थोडा वर जाई.

लेअर कळल्यावर त्यांना फिल्टर कळायला वेळ लागला नाही. नाटकात दिव्यांपुढे रंगीत जिलेटिनचे कागद लावतात, सकाळला पिवळा, रात्रीला निळा. भाऊ असे कागद खिशात बाळगत. एकदा त्यांनी पिवळा कागद माझ्या मॉनिटरवर चिकटवला, सकाळ कशी दिसते ते पाहिलं, आणि कागद तसाच ठेवून बाजाराला निघून गेले. मला वाटलं, नव्या फोटोतली नवरीच पिवळी आली आहे, हळद जास्त लागली असेल. मी इमानेइतबारे तिच्यातला पिवळेपणा काढत बसलो. मॉनिटरवर ती छान गोरी दिसायला लागली. कागदावर छापून आली तेव्हा निळी होती. मालकांनी अल्बम लपवला. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, “रात्रीची वरात समजतील.”

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याच्यामुळे आपलं काम बिघडतं आणि तरी तो आला नाही तर आपण रस्त्याकडे बघत बसतो.

अशात मला हैदराबादहून एक पाकीट आलं. तिथली एक कंपनी वैमानिकांना शिकवण्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारी विमानं तयार करी. मी अर्ज केला होता आणि विसरलोही होतो. पाकिटात एक सीडी आणि एक पानाचं पत्र. सीडीवर जुन्या धाटणीच्या, दोन पंखे असलेल्या एका मालवाहू विमानाचा कोरा आकार. त्याला रंग द्यायचा. विमान जंगलातल्या धावपट्टीवर पंधरा वर्षं वापरलेलं वाटलं पाहिजे. मुदत तीन आठवडे. जमलं तर नोकरी. तीन वर्षांत मला आलेलं हे पहिलं आणि एकच उत्तर होतं. मी आईला सांगितलं, आईने सगळ्या रोवणीला सांगितलं.

या कामात विमान उभं समोर नसतं. त्याची कातडी सोलून जमिनीवर पसरावी तसं ते चित्र असतं. इथे एक पंख, तिथे शेपूट, पोटाचे दोन अर्धे भाग शेजारी शेजारी. त्याला टेक्स्चर म्हणतात. त्यावर रंगवलं की प्रोग्राम ते विमानाच्या अंगावर घडी घालून बसवतो. मला हे समजून घ्यायला दोन दिवस लागले. भाऊंना काहीच वेळ लागला नाही, कारण त्यांनी विमान बनवलेलं होतं. एका पौराणिक नाटकासाठी बांबूचा सांगाडा करून त्यावर कापड शिवलं होतं, हंसाच्या आकाराचं. कापड आधी जमिनीवर पसरून रंगवलं, मग शिवलं. शिवताना हंसाचा एक डोळा शिलाईत गेला. “डाव्या बाजूच्या पब्लिकले हंस दिसला,” ते म्हणाले, “अन् उजव्या बाजूच्या पब्लिकले आंधळा हंस. तू डोळा सांभाळ.”

मी डोळा सांभाळला, पण बाकीचं सगळं फिल्टरवर सोपवलं. गंजाचा फिल्टर, धुळीचा फिल्टर, ओरखड्यांचा फिल्टर. दोन दिवसांत विमान पंधरा वर्षं म्हातारं झालं. मी फार खूश होतो. भाऊ आले, त्यांनी मला मॉनिटर दाराकडे फिरवायला लावला आणि उलट्या पावलांनी निघाले. पायरी उतरले, रस्ता ओलांडला, एक बैलगाडी त्यांच्यासाठी थांबली, आणि पलीकडच्या सायकलवाल्याच्या दुकानात पंपाला टेकून त्यांनी डोळे अर्धे मिटले. सायकलवाल्यानेही मिटले. परत आले तेव्हा चेहरा गंभीर होता.

“चांगलं आहे. पण याले देवी आल्या काय?”

मी म्हटलं, तो गंज आहे.

“गंज सगळीकडं सारखा येते काय गा? दवंडी देऊन येते काय, की उद्या सगळ्यांनी एकदम गंजा?” मग त्यांनी प्रश्न सुरू केले. माणसं कुठल्या दारातून चढतात? पाय कुठे ठेवतात? पाऊस आला की पाणी कुठून गळतं? तेल कोण घालतो? मी आयुष्यात विमान आभाळातच पाहिलं होतं. भाऊंनीही. शेवटी त्यांनी मला उठवलं आणि स्टेशनवर नेलं.

नागभीडला तेव्हा छोटी गाडी येई. तिचे डबे पंधरा वर्षांपेक्षा जास्त राबलेले. भाऊ डब्याला नाक लावल्यासारखे उभे राहिले, मग हाताने चाचपू लागले. दांडी जिथे हात धरतात तिथे रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं. पायरीचा मधला भाग घासलेला, कडेचा शाबूत. खिडकीच्या खालून पाण्याचे काळे ओघळ, पण फक्त ज्या खिडकीची वरची पट्टी वाकलेली, तिच्याच खाली. गार्डने विचारलं, काय चाललंय. भाऊ डब्यावरून हात न काढता म्हणाले, “विमान पाहून राह्यलो.” गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर माणसासारखा चेहरा केला.

परत आल्यावर भाऊंनी नियम घालून दिला. एक वर्ष, एक काच. फिल्टर चालेल, पण विचारून, म्हणजे भाऊंना विचारून, आणि जिथे कारण आहे तिथेच. मी कोऱ्या विमानापासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी फक्त पायरी घासली. दुसऱ्या वर्षी दाराच्या कडीभोवतीचा रंग गेला. तिसऱ्या वर्षी भाऊंनी इंजिनाखाली तेल सांडलं.

“जुना मेकॅनिक तेल सांडत नाई,” ते समजावत. “हा नवा आहे. याच्या हातून सांडलं, अन् भिऊन त्यानं फडक्यानं पुसलं. पुसल्यानं डाग मोठा झाला.”

मी डाग मोठा केला आणि त्या लेअरला नाव दिलं, ‘नवा मेकॅनिक’. प्रत्येक लेअरला असं नाव पडत गेलं. ‘माकडं पंखावर बसली’. ‘साहेबाची पेटी घासली’. ‘जुना नंबर खोडला’. दुपारची वीज गेली की आम्ही बाहेरच्या बाकावर बसून पुढचं वर्ष ठरवत असू. नव्या मेकॅनिकचं मधल्या काळात लग्नसुद्धा झालं, त्या वर्षी विमान धुतलेलं होतं.

पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर भाऊ म्हणाले, आता सूर्य. पडद्याचा नियमच तो, की ऊन शेवटी लावायचं. मी नवा लेअर घेतला. डावीकडच्या कडांना उजेड दिला, उजवीकडे पोटाखाली सावली. तोवर जी पसरलेली कातडी वाटत होती तिला एकदम अंग आलं. भाऊ सायकलवाल्याकडे जाऊन आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी सीडी पाठवली.

आठ दिवसांनी स्टुडिओच्या फोनवर हैदराबादच्या बाई बोलल्या. त्या हिंदीत बोलत होत्या, शांतपणे. विमान उभं असेपर्यंत फार सुंदर आहे, त्या म्हणाल्या. पण ते उडवलं आणि वळवलं की त्याची सावली त्याच्याबरोबर वळते. आमच्या प्रोग्राममध्ये सूर्य वेगळा असतो, तो ऊन-सावली स्वतः पाडतो. तुम्ही विमानालाच सूर्य चिकटवला आहे. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

त्या दिवशी गुरुवार होता. बाजाराचा दिवस. मी फोन ठेवला आणि मागे वळलो तर भाऊ दारात उभे होते, हातात माझ्यासाठी उकडलेल्या शेंगांचा पुडा. “काय गा ग्रॅज्युएट, उडालं काय?”

मी जे बोललो ते दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. मी म्हटलं, “तुमच्या पडद्यापायी माझी नोकरी गेली. हे नाटक नाही, भाऊ. तुम्हाला यातलं काही कळत नाही, आणि मी मूर्ख, तुमचं ऐकत बसलो.”

आवाज चढवला नव्हता, तरी ऐकू सगळ्यांना गेलं. भाऊंनी पुडा काउंटरवर ठेवला. मग ते वळले आणि निघून गेले. उलट्या पावलांनी नाही. सरळ, तोंड पुढे करून, सगळी माणसं चालतात तसे. मी त्यांना तसं चालताना पहिल्यांदा पाहिलं.

मी लगेच कामाला बसलो. घाबरलेल्या माणसाला साधी गोष्ट दिसत नाही. मला वाटलं, ऊन सगळीकडे मुरलं आहे, सगळंच पुन्हा रंगवायला हवं. मी कोरा आकार उघडला आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. शुक्रवारी दुपारपर्यंत मी जेमतेम चौथ्या वर्षात होतो, आणि माझा नवा मेकॅनिक काही केल्या तेल सांडत नव्हता. नुसता डाग पडे.

तेव्हा भाऊ आले. बाजार नव्हता तरी. बसले नाहीत. “हंसाचं मी तुले अर्धंच सांगतलं,” ते म्हणाले. “विमान येताना डाव्या अंगानं उन्हात होतं. देव उतरले, मग ते वळवून आत न्यायचं होतं. वळवलं तर ऊन बी वळलं. पब्लिक हसली. मले तवाच कळाले पाह्यजे होतं. पडदा फिरत नाई, हे फिरते.”

मी मान खाली घालून बसलो होतो.

“सूर्य कोणत्या काचेवर होता?” त्यांनी विचारलं.

मी जुनी फाइल उघडली. सगळ्यात वर, पंधरा वर्षांच्या डोक्यावर, एकटा एक लेअर होता. नाव ‘सूर्य’. शेवटी लावलेला म्हणून वर राहिलेला, आणि एक वर्ष एक काच या नियमामुळे कशातच न मिसळलेला.

“काढून टाक.”

मी एकदा बटण दाबलं. ऊन गेलं. खाली पायऱ्या, ओघळ, माकडं, तेल, सगळं जिथल्या तिथे होतं. एका दाबात काम झालं होतं, आणि मी दीड दिवस जीव मुठीत धरून रंगवत होतो. भाऊ म्हणाले, “लाव परत.” मी लावलं. “काढ.” मी काढलं. असं चार-पाच वेळा झालं. मग ते खुर्चीवर बसले.

“चाळीस वर्षं मी तो हातानं लावून राह्यलो,” ते म्हणाले. “निघते म्हणून मालूमच नव्हतं.”

ते हे हसून म्हणाले. मीही हसलो. माफी मागायची वेळ ती होती, पण हसण्यात ती निघून गेली.

सीडी घेऊन मी स्वतःच बल्लारशाहून हैदराबादच्या गाडीत बसलो. बाईंनी विमान उडवलं, वळवलं, आडवं केलं, पोट बघितलं. मग माझी फाइल उघडली आणि लेअरची नावं वाचत गेल्या. मी ती मराठीतच, इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, बदलायची राहून गेली होती.

“ये नवा मेकॅनिक कौन है?”

मी त्याची सगळी हकीकत सांगितली, लग्नासकट. बाईंनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून मला ती पुन्हा सांगायला लावली. नोकरी मिळाली. मला वाटतं, मेकॅनिकलाही मिळाली असती.

निघायच्या दिवशी भाऊ नागभीडच्या स्टँडवर आले. आई-बाबा होते, त्यामुळे बोलायला सवड नव्हती. तरी मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, “भाऊ, त्या दिवशी मी जे बोललो...” ते म्हणाले, “बस सुटून राह्यली.” ड्रायव्हर अजून चहा पीत होता.

बस खरोखर सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. भाऊ उलट्या पावलांनी मागे निघाले होते, हात वर, त्यात ब्रश नव्हता तरी वर, डोळे अर्धे मिटलेले. मी त्यांना लांबून नीट दिसावं म्हणून. ते उसाच्या रसाच्या गाडीला धडकले आणि घुंगरं वाजली, एवढं मला ऐकू आलं.

दोनेक वर्षांनी त्यांच्या बायकोचा, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना बाई म्हणायचो त्यांचा, फोन आला. भाऊंचे डोळे गेल्यात जमा होते. लांबचं मोठं असेल तर दिसे, तेही धूसर. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि सांगताना त्यांना हसू आवरेना. डॉक्टर म्हणाला होता, यांना जवळचं वीस वर्षांपासून दिसत नसणार, चष्मा लागलेला आहे, घेतलाच नाही. “म्हणजे ते मागं मागं जाणं,” बाई म्हणाल्या, “त्यातलं अर्धं शेवटच्या माणसासाठी नव्हतंच. यायलेच जवळचं दिसत नव्हतं.” भाऊंनी डॉक्टरला काय उत्तर दिलं, ते मी विचारलं. ते म्हणाले होते, “मंग शेवटचा माणूस मीच होतो.”

मी त्यांना पत्र लिहायचं ठरवलं. कागदावरचं त्यांना दिसलं नसतं, आणि दुसऱ्याने वाचून दाखवावं असं ते पत्र नव्हतं. मग मी पडद्याला वापरतात तसा मांजरपाट विकत आणला, खोलीतल्या फरशीवर पसरला आणि ब्रशने चार चार बोटं उंच अक्षरं काढली. जागा थोडी, म्हणून थोडंच लिहिलं. मधे मधे उठून दारापर्यंत मागे जाऊन बघत होतो.

पत्र पोहोचलं. बाईंनी ते गोदामात दारासमोरच्या भिंतीला टांगलं आणि भाऊंना त्याच्यापुढे उभं केलं. ते मागे मागे गेले, दारातून बाहेर गेले, बांधापर्यंत गेले. तिथून त्यांनी वाचलं, मोठ्याने नाही. वाचायला त्यांना बराच वेळ लागला, असं बाई म्हणाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी कापड उतरवून उलटं टांगायला सांगितलं आणि रंगाचे डबे मागितले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी गावी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. फोटोला हार घातला होता. ओळखपत्रावरचाच फोटो मोठा केलेला, त्यामुळे भाऊ त्या नवरदेवाच्या डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि मला तिथे उभं राहणं कठीण झालं. बाईंनी पेटीतून मांजरपाट काढून बाजेवर पसरला. आधी उलटी बाजू वर आली. तिच्यावर दुसरं काही नव्हतं. फक्त कोपऱ्यात, डाव्या हाताला, तळहाताएवढा पिवळा रंग होता. कडा थोड्या हललेल्या.

बाईंनी कापड पालटलं. पत्र असं होतं.

पेंटरभाऊ,

विमान उडालं.

इथले लोक पडद्याला नाक लावून बघतात. मी मागे गेलो. खुर्चीवर आदळलो. भिंतीपासून दिसलं.

पायरी दिसली. तेल दिसलं.

गुरुवारी दुकानात मी जे बोललो ते वेगळ्या काचेवर होतं. खालचं सगळं जिथल्या तिथे आहे. काढून टाका.

मागची बाजू कोरी ठेवली आहे. सूर्य कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
ग्रॅज्युएट